फोटोवरून चेहरा, चार रंगांत

स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकाराने १८९६ साली केलेले आत्मचित्र आहे. मागे स्टुडिओच्या अंधारात मॉडेल, पुढे स्वतः चित्रकार, हातात पॅलेट. पाहणाऱ्यांनी गेली कित्येक वर्षे त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्या पॅलेटकडेच जास्त टक लावून पाहिले आहे. तिच्यावर चार रंगांचे गोळे दिसतात : पांढरा, पिवळ्या मातीचा, लाल आणि काळा. निळा नाही, हिरवा नाही, जांभळा तर नाहीच. आज जगभर व्यक्तिचित्रण शिकवणारे लोक या चार रंगांच्या जुळणीला ‘झॉर्न पॅलेट’ म्हणतात.

झॉर्न १८६० साली मोरा या गावात जन्मला आणि १९२० साली तिथेच वारला. मधल्या काळात तो त्या वेळच्या सर्वांत मागणी असलेल्या व्यक्तिचित्रकारांपैकी एक झाला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने तो अमेरिकेत गेला आणि पुढे तिथल्या धनिकांची रीघ त्याच्याकडे लागली. ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि विल्यम टाफ्ट या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची तैलचित्रे त्याचीच. इतका पैसा, इतकी कीर्ती आणि रंग मात्र चार, ही गोष्ट सांगायला फार छान वाटते. पण ती थोडी फुगवलेली आहे. त्याचे १८९७ चे ‘मिडसमर डान्स’ पाहा : उन्हाळी रात्रीच्या उजेडात नाचणारी माणसे आणि पायाखाली चक्क हिरवे गवत. जलरंगात त्याने पाणी रंगवले, त्यात निळाही आहे. म्हणजे गरज पडली की तो दुसरी ट्यूब उघडत होता. चारांवर भागवायचा तो मुख्यतः चेहरे आणि खोलीतली दृश्ये रंगवताना.

शिवाय ही कल्पना त्याची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहून गेला आहे की अपेलीस आणि त्याच्या तोडीच्या ग्रीक चित्रकारांनी आपली अमर चित्रे फक्त चार रंगांत केली : मेलोस बेटाचा पांढरा, अथेन्सकडची पिवळी माती, काळ्या समुद्राकाठचा लाल आणि काजळीचा काळा. प्लिनीला त्याच्या काळातल्या रंगीबेरंगी थाटाचा राग होता. आता भारत आपल्या नद्यांचा गाळ आणि सापाहत्तींचे रक्त पाठवतो आणि तरीही थोर चित्र म्हणून काही होत नाही, अशी त्याची तक्रार आहे. तो नद्यांचा गाळ म्हणजे बहुधा आपली नीळ. ती झाडापासून होते याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नव्हता.

चार रंगांत चेहरा का जमतो, याचे उत्तर चेहऱ्यातच आहे. माणसाची कातडी, मग ती मोऱ्याच्या शेतकऱ्याची असो की मोर्शीच्या, पिवळ्या आणि लाल रंगांच्या पट्ट्यातच फिरते. कातडीतले मेलॅनिन तपकिरी, खालून वाहणारे रक्त लाल. गर्द निळा किंवा पोपटी हिरवा चेहऱ्यात मुळात नसतोच. असतात ते निळसर किंवा हिरवट भास : दाढी केलेल्या हनुवटीवर, डोळ्यांखाली, कानशिलावरच्या शिरेवर. आणि भास उभा करायला भासच पुरतो.

काळ्यात पांढरा मिसळला की होणारी राख मुळातच किंचित निळसर असते. तिच्या शेजारी लाल-पिवळ्या छटा आल्या की ती आणखी निळी दिसू लागते. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक दुसऱ्यावर टाकतो, ही गोष्ट मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३९ साली ग्रंथ लिहून मांडली. तो पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशी विणकरांची तक्रार आली, तेव्हा रंगाईत दोष काहीच सापडेना. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. त्याच नियमाने झॉर्नच्या चित्रातली राख निळी होते. काळ्यात पिवळी माती मिसळली तर शेवाळी हिरवा मिळतो. लालात काळा मिसळला तर मरून आणि विटकरी तपकिरी. लाल आणि पिवळ्याचा नारिंगी, त्यात पांढरा टाकला की पिकल्या जर्दाळूचा रंग. करून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही, म्हणून एक दुपार काढून एका कागदावर या चौघांच्या मिश्रणांचा तक्ता करावा आणि तो भिंतीला लावून ठेवावा.

दुसरा फायदा मेळाचा. सगळी मिश्रणे त्याच चौघांतून निघाल्यामुळे चित्रातला कुठलाही डाग दुसऱ्याला परका वाटत नाही. एकाच घरचा गोडा मसाला आमटीत, भाजीत आणि मसालेभातात पडला की ताट जसे एका हातचे लागते, तसे. बारा ट्यूबा उघडून बसलेल्या नवशिक्याच्या चित्रात गाल एका गावचा आणि कान दुसऱ्या गावचा दिसतो, त्याचे कारण हेच.

दुकानात जाताना मात्र झॉर्नची यादी जशीच्या तशी नेऊ नये. त्याचा लाल म्हणजे व्हर्मिलियन, आपला हिंगूळ. ते पाऱ्याचे संयुग आहे. त्याचा पांढरा शिशाचा, तोही विषारी. आज हिंगुळाच्या जागी कॅडमियम रेड लाइट घेतात. परवडत नसेल तर नारिंगीकडे झुकणारा कुठलाही टिकाऊ लाल चालतो. शिसपांढऱ्याऐवजी टायटॅनियम व्हाइट. हा बदल वाटतो तितका साधा नाही. टायटॅनियमची ताकद फार. शिसपांढरा हळूहळू उजळवतो, टायटॅनियम एका टोकानिशी मिश्रण फिके आणि थंड करून टाकतो. त्यामुळे तो पॅलेटवर थोडाच काढावा. काळा म्हणजे आयव्हरी ब्लॅक. नावात हस्तिदंत असला तरी आता तो जाळलेल्या हाडांचा असतो. तो वाळायला वेळ लावतो, हे तैलरंगात काम करणाऱ्याने लक्षात ठेवावे, विशेषतः पावसाळ्यात. पिवळा म्हणजे यलो ऑकर, साधी पिवळी माती. यात कंपनी बदलली तरी फारसे बिघडत नाही.

आता फोटोकडे वळू. फोटोवरून चित्र करणे म्हणजे कमअस्सल काम, असे मानणारे अजून भेटतात. राजा रविवर्म्याने फोटो वापरले, फ्रेंच चित्रकार देगाने वापरले, खुद्द झॉर्नकडे कॅमेरा होता. आपल्याकडे नगरपालिकांच्या सभागृहांत, वाचनालयांत, शाळांच्या हॉलमध्ये हार घातलेली जी तैलचित्रे दिसतात, त्यांतली पुष्कळशी फोटोवरूनच झालेली आहेत. माणूस गेल्यावरच त्याचे चित्र करावे असे मंडळाला सुचते, तेव्हा चित्रकारापुढे दुसरा इलाज नसतो. फोटो वापरण्यात लाज नाही. फोटोवर विश्वास ठेवण्यात धोका आहे, कारण फोटो खोटे बोलतो आणि तेही ठरावीक पद्धतीने.

पहिले खोटे अंतराचे. जवळून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो. कान नाकाच्या शेंड्यामागे सुमारे १२ सेंटिमीटर. म्हणजे कान ४२ वर आणि नाक ३० वर. कानाच्या तुलनेत नाक १.४ पट मोठे उमटते. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की हे प्रमाण १.०८ वर येते. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ साली हाच हिशोब मांडून दाखवला होता, कारण सेल्फीतले नाक पाहून लोक ते लहान करून घ्यायला येऊ लागले होते : ३० सेंटिमीटरवरून नाक दीड मीटरवरच्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. चित्रकाराने सेल्फीवरून तंतोतंत नक्कल केली तर घरचे म्हणतात, सगळे बरोबर आहे पण ते वाटत नाहीत. त्यांचे म्हणणे खरे असते. ते त्या माणसाला कधीच एक फुटावरून पाहत नव्हते.

दुसरे खोटे उजेडाचे. आपला डोळा सावलीत वळला की सावलीतले बघतो, उन्हात वळला की उन्हातले. कॅमेऱ्याला एकाच मापात दोन्ही बसवायचे असते. जुन्या फोटोत त्यामुळे सावल्या काळ्या ठिक्कर पडतात आणि कपाळाचा उजळ भाग कोरा राहतो. आताचे फोन उलट करतात : सावल्या उचलून धरतात, उजेड दाबतात, कातडी घासून पुसून गुळगुळीत करतात. एकात घाट बुडतो, दुसऱ्यात सपाट होतो. वर फ्लॅश असेल तर गालाची गोलाई पार संपते. चित्रासाठी स्वतः फोटो काढता येत असेल तर माणसाला खिडकीजवळ किंवा ओटीच्या दाराशी बसवावे, उजेड एका बाजूने येऊ द्यावा, आपण दोन मीटर मागे जावे आणि झूम करावे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. या एवढ्याने अर्धे काम सोपे होते.

तिसरे खोटे फार जुन्या कृष्णधवल फोटोंतले आणि ते माझ्या मते सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या काचा फक्त निळ्या आणि अतिनील प्रकाशाला दाद देत. लाल प्रकाश त्यांना दिसतच नसे. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून ती हिरव्यालाही जागी केली. लालाला दाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास आणि स्टुडिओंमध्ये त्या रुळायला आणखी बरीच वर्षे गेली. याचा परिणाम असा की जुन्या फोटोत लाल जवळजवळ काळा उमटतो, पिवळा काळवंडतो आणि निळा पांढुरका पडतो. लोकमान्यांची लाल पगडी फोटोत काळपट दिसते ती यामुळे. पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळी टिकली वाटते. हळदीच्या रंगाचे लुगडे सावळे दिसते, घारे डोळे भुतासारखे फिके. आणि कातडी, जी मुळात लाल-पिवळ्याची बनलेली, ती खऱ्यापेक्षा गडद उमटते. ओठ तर काळेच. पणजोबा फोटोत जितके काळे दिसतात तितके ते नसावेत आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, उन्हाने रापलेले ठिपके होते त्यापेक्षा ठळक झालेले असतात. त्यावर पुन्हा स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या मिटवलेल्या. म्हणजे एक खोटे दुसऱ्या खोट्यावर बसलेले.

अशा फोटोसमोर चार रंगांचे पॅलेट हातात असणे हा एक चांगला बचाव आहे. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. पुष्कळ रंग जवळ असले की हात आपोआप फोटोतल्या रंगाशी बरोबरी करायला धावतो. फोनच्या पडद्यावर गालाची जी गुलाबी दिसते ती मिळेपर्यंत माणूस ट्यूबा पिळत राहतो आणि ती गुलाबी मुळात फोनने स्वतःच्या मनाने ठरवलेली असते. चार रंगांत ती बरोबरी करताच येत नाही. मग एकच वाट उरते : हा भाग शेजारच्यापेक्षा उजळ की गडद? उबदार की थंड? किती? चित्रकार नकलेतून सुटतो आणि तुलनेला लागतो. आणि साम्य म्हणतात ते तुलनेत असते.

त्यातही आधी उजळ-गडद, रंग नंतर. याला भौतिक कारण आहे. उत्तम पांढऱ्या रंगावरून सुमारे ९० टक्के प्रकाश परततो, काळ्या तैलरंगावरून ३-४ टक्के. म्हणजे कॅनव्हासवर आपल्याकडे जेमतेम पंचवीस-तीस पटींचा पल्ला आहे. फोनच्या पडद्याचा पल्ला याच्या कितीतरी पट. पडद्यावरचा उजेड जसाच्या तसा रंगात आणता येत नाही. तो आवळून, मोजूनमापून बसवावा लागतो. म्हणून फोटोची एक प्रत कृष्णधवल करून शेजारी ठेवावी आणि डोळे किलकिले करून तिच्यात तीनच भाग शोधावेत : उजेड, सावली आणि त्यांच्यामधला. केस, मिशी, डोळ्यांचे खड्डे, हनुवटीखालची मान हे सगळे मिळून सावलीचा एकच सलग आकार होतो का, ते पाहावे. तो आकार बरोबर बसला तर डोळे-नाक न काढताही माणूस ओळखू येतो. लांबून चालत येणाऱ्या ओळखीच्या माणसाला आपण ओळखतो ते असेच.

प्रत्यक्ष काम असे. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नये. पिवळ्या मातीत थोडा काळा आणि भरपूर टर्पेंटाइन घालून एक पातळ, मधल्या उजळपणाचा हात फिरवावा आणि तो वाळू द्यावा. या पृष्ठभागावर उजेड आणि सावली दोन्ही कळतात. रेखाटनासाठी ग्राफ मारायला हरकत नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी शिकवलेली ही पद्धत शेकडो वर्षे जुनी आहे. फक्त चौकोन मोठे ठेवावेत, म्हणजे डोळ्याला काही काम उरते. लहान चौकोनांत डोळ्यांची पापणी अचूक येते आणि डोके वाकडे होते.

मग पॅलेटवर माळ लावावी. लाल आणि पिवळी माती मिसळून एक मूळ रंग करावा, त्यात काळा वाढवत गेलेल्या दोन-तीन छटा एकीकडे, पांढरा किंवा पिवळा वाढवत गेलेल्या दोन-तीन दुसरीकडे. शेजारी नुसती राख : काळा आणि पांढरा. एवढ्यावर पहिली बैठक निघते. आधी सावल्या, पातळ, पांढरा अजिबात न घालता. सावलीत पांढरा शिरला की ती धुरकट होते आणि पुन्हा कधी सावली होत नाही. मग मधला भाग, जाड रंगात. सर्वांत उजळ ठिकाणे सर्वांत शेवटी, सर्वांत जाड.

चेहरा एका रंगाचा नसतो, हे फोटो सांगत नाही, कारण फोन तो एकसारखा करतो. कपाळाची कातडी हाडावर ताणलेली, तिथे पिवळसरपणा जास्त. गाल, नाक, कान यांत रक्त जास्त, तिथे लाल वाढतो. पुरुषाच्या हनुवटीवर दाढीची मुळे, तिथे राख मिसळते. या तीन पट्ट्या व्यक्तिचित्र शिकवणारे सगळेच सांगतात. आपल्या लोकांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती कातडी उरलेल्या चेहऱ्यापेक्षा गडद असते. ती सावली नव्हे, तो रंगच तसा. तिथे नुसता काळा न घालता लालात किंचित काळा असा मरूनकडे झुकणारा रंग लावावा. उन्हात काम करणाऱ्या माणसाचे कपाळ टोपीच्या किंवा फेट्याच्या रेषेवर अचानक उजळ होते. हा बदल दाखवला की माणूस शेतातला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

सावळ्या कातडीपाशी थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक परदेशी पुस्तके इथे आपल्याला सोडून जातात. रंगांच्या पेट्यांत वर्षानुवर्षे ‘फ्लेश टिंट’ नावाची एक फिकट गुलाबी ट्यूब मिळते. ती कोणाच्या अंगाची, हा प्रश्न अमेरिकेतल्या एका नामांकित खडूच्या कंपनीला १९६२ साली पडला आणि तिने आपल्या क्रेयॉला खडूंतल्या ‘फ्लेश’चे नाव ‘पीच’ केले. आपल्याकडे ती ट्यूब मुलांच्या हाती अजून येते. तिच्यात तपकिरी ढवळून आईचा चेहरा रंगवायला गेलेल्या मुलाला जो मातकट रंग मिळतो, त्यात मुलाचा दोष नाही.

झॉर्नच्या चौघांत गव्हाळ, सावळा, काळा हे सगळे रंग सहज निघतात, किंबहुना गोऱ्यापेक्षा सुखाने निघतात, कारण पिवळी माती, लाल आणि काळा यांचा मूळ मुलूखच तपकिरी. चूक होते ती उजळवताना. गडद मिश्रण उजळ करायला पांढरा घातला की ते खडूसारखे, राखट, आजारी दिसू लागते. सावळ्या चेहऱ्याचा उजेडातला भाग पांढऱ्याने उजळत नाही. तो आधी पिवळ्या मातीने आणि लालाने उजळतो, म्हणजे उजळता उजळता अधिक तेजाळ होतो. पांढरा अगदी चिमूटभर, तोही शेवटी.

आणि तरीही सावळ्या चेहऱ्यावर कपाळाचा, नाकाच्या शेंड्याचा चमकता ठिपका गोऱ्या चेहऱ्यावरच्यापेक्षा ठसठशीत दिसतो. याचे कारण असे : कातडीवर पडलेला थोडासा प्रकाश, साधारण ४ ते ७ टक्के, आत न शिरता पृष्ठभागावरूनच परततो, आरशावरून परतावा तसा. हे प्रमाण गोऱ्या-काळ्या सगळ्यांत जवळपास सारखे. उरलेला आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो आणि तिथे मेलॅनिन बराचसा गिळते. भोवतालचा भाग गडद, चमक तेवढीच, म्हणून फरक ठळक. शिवाय ही चमक कातडीचा रंग घेत नाही, उजेडाचा घेते. खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर ती निळसर असते. इथेच ती काळ्या-पांढऱ्याची राख कामाला येते. तपकिरीवर राखेचा एक स्वच्छ ठिपका, ब्रश न घासता ठेवलेला, निळ्या ट्यूबेची उणीव भासू देत नाही.

गिऱ्हाईक इथे एक वाक्य हमखास बोलते : जरा उजळ करा ना. लग्नाच्या फोटोपासून स्वर्गवासी सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना मरणोत्तर गोरे व्हायचे असते. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा मागची पार्श्वभूमी गडद करावी. चेहरा तोच राहतो आणि उजळ दिसतो. शेव्हरलचा नियम उजळ-गडदालाही लागू पडतो. हा उपाय प्रामाणिक आहे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते आहे.

डोळ्यांचे पांढरे आणि दात यांच्यापाशी हात आवरावा. ते पांढरे नसतात. पापणीच्या सावलीत बुबुळाभोवतीचा भाग राखेत थोडी पिवळी माती मिसळावी इतका गडद असतो आणि तो पांढरा केला की आजोबा दचकल्यासारखे दिसतात. पिकलेले केसही तसेच : उजेडातली एखादी बट पांढरी, बाकी सगळी राख, उबदार आणि थंड आलटून पालटून. काळ्याभोर केसांत निव्वळ काळा फक्त खोल जागी. वरच्या चकाकीला पुन्हा राख.

कडांच्या बाबतीत फोटो सर्वांत जास्त दगा देतो. फोनच्या फोटोत कानाची कड, गालाची कड आणि शर्टाच्या कॉलरची कड सारख्याच धारदार असतात. डोळा असे पाहत नाही. तो समोरच्याच्या डोळ्यांवर रोखला की कान धूसर होतो. झॉर्नची चित्रे जवळून पाहिली तर कळते की त्याने धारदार कडा मोजक्याच ठेवल्या आहेत आणि बाकीच्या रुंद ब्रशाने मागच्या रंगात ओढून सोडल्या आहेत. चार रंगांत हे सोपे जाते, कारण केसांचा गडद आणि पार्श्वभूमीचा गडद एकाच मिश्रणातून निघालेले असतात. एक दुसऱ्यात केव्हा शिरला ते कळत नाही. पार्श्वभूमीसाठी पॅलेटवर उरलेल्या सगळ्या मिश्रणांचा काला करून वापरला तरी तो विजोड दिसत नाही. बारा रंगांचा काला करून पाहा, चिखल होतो.

मग हिरव्या काठाचे लुगडे आले, मोरपंखी पैठणी आली, निळा गणवेश आला, तर? शेवाळी हिरव्याने काठ भागतो, पैठणी भागत नाही. तेव्हा पाचवी ट्यूब खुशाल उघडावी, पण चेहरा पुरा झाल्यावर आणि फक्त कापडापुरती. आधी उघडली तर ती गालावर येतेच. निळाही थेट ट्यूबमधला लावू नये. त्यात पॅलेटवरची थोडी पिवळी माती किंवा काळा घालून तो नमवावा, नाहीतर पाहणाऱ्याची नजर चेहरा सोडून पदरावर जाते.

लाल मात्र घरचाच आहे. फोटोत काळे उमटलेले कुंकू रंगवताना कॅडमियम जवळजवळ शुद्ध चालतो, सबंध चित्रात बहुधा त्याच एका जागी. तरी तेही एका छटेत भरू नये. कपाळ गोल आहे, उजेड एका बाजूने येतो, म्हणून रुपयाएवढ्या कुंकवाचीही सावलीकडची कड काळ्याने किंचित उतरवावी लागते आणि उजेडाकडे लालात थोडी पिवळी माती लागते. पांढरा तिथेही नको; लाल लगेच गुलाबी होतो.